खाणीकडची बाजू

सोल्डरचा सांधा नीट बसला असेल तर तो चकचकतो. राखाडी, दाणेदार दिसला तर आत वीज अडखळते. निवृत्त झाल्यापासून डिचोलीतल्या माझ्या घराच्या सोप्यावर रविवारी जी मुलं जमतात, त्यांना मी सर्वांत आधी हेच दाखवतो. म्हणून नववीतली सिद्धी जेव्हा म्हणाली, की तिच्या विमानाची मोटर मधेच दम सोडते, तेव्हा मी तिच्या हातात भिंग दिलं.

ही दोरीवरची विमानं. यांना रिमोट नसतो. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी मूठ धरून उभा राहतो, मुठीतून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखात शिरतात, आणि विमान त्याच्याभोवती घिरट्या घालतं. मूठ कलवली की चढतं, उलट कलवली की उतरतं. पूर्वी इंजिनं असायची, मुलांचे कपडे तेलाने माखायचे. आता बॅटरी, मोटर आणि दोहोंच्या मधे वेग सांभाळणारं लहानसं सर्किट.

"सांधे बरे आसत, सर," सिद्धी म्हणाली. "पूण थंय गेल्यार मोटर कण्हता."

"थंय म्हणजे कुठे?"

"खाणीच्या बाजूक."

आम्ही गावाबाहेरच्या सड्यावर, खडकाळ पठारावर, उडवत असू. खाण चालू होती तेव्हा तिथे खनिजाचे ढीग असायचे. खाणकामावर बंदी आली, ढीग गेले, सपाट लाल जमीन उरली. तिच्या पूर्वेला खाणीचा खड्डा. पंप थांबले तसं त्यात पाणी चढत गेलं, हिरवट, कधी न हलणारं. सिद्धीचे वडील गुरुदास त्याच खाणीवर पंप सांभाळायचे. बंदीनंतर तळातला पंप वर काढायला ते उतरले आणि कडा ढासळली. पाणबुडे आले, चिखल बघून परत गेले. कंपनी म्हणाली, काम बंद असताना माणूस खाली जाईलच कशाला? एवढं बोलून कंपनीने फाटकाला कुलूप लावलं.

मी मोटरीचं दुखणं मोटरीत शोधणारा माणूस. विमान एका लाकडी कदेलाला, म्हणजे खुर्चीला, मागून बांधलं, मीटर लावला, पूर्ण वेगात चालवलं. मोटर एकसुरी घुमत राहिली. बॅटरी बदलली. पंखा एक इंचाने लहान केला. जोडण्या काढून नव्या घातल्या. शाळेच्या मैदानावर नेऊन उडवलं, तिथे सुरुवातीपासून उतरेपर्यंत एकच सूर. सड्यावर परत आणलं. पान हलत नव्हतं. विमान पूर्वेला गेलं की आवाज घोगरा व्हायचा, खाली बसायचा, पुढे सरकलं की पुन्हा मोकळा.

शेवटी मी विमानाच्या पोटात अंगठ्याएवढं नोंदयंत्र बसवलं. मोटर क्षणोक्षणी किती वीज ओढते ते त्यात साठतं. संध्याकाळी आलेख संगणकावर उघडला आणि सिद्धीला शेजारी बसवलं.

"मोटर मंदावण्याची कारणं कुठली?"

"वीज पावना, नायतर ओझें जाता."

"वीज पोचत नसेल तर रेघ कशी दिसेल?"

"सकयल देंवतली."

मी पडद्याकडे बोट केलं. रेघ खाली उतरत नव्हती. प्रत्येक फेरीत एकदा, खाणीच्या बाजूला, ती वर चढत होती. मोटर कमजोर नव्हती. त्या तेवढ्या जागेत ती काहीतरी जड ओढत होती.

बरोबर उत्तर आलेल्या मुलासारखी सिद्धी शांत होती. "बाबा धरता, सर," ती म्हणाली. "पूण वयर येवंक बळ पावना. आमी मोठी बॅटरी घालया."

इतके दिवस ती माझ्याजवळ मोटर दुरुस्त करायला येत नव्हती. तिला वडिलांना वर काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिची आई गंगा दारात झाडूसाठी नारळाचे हीर काढत बसली होती. कपाळ मोकळं होतं. प्रेत सापडत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी आदल्याच महिन्यात उरकला होता. गुरुदासचा धाकटा भाऊ धाकू सोप्यावर विडी ओढत होता. मी काही बोलायच्या आत तोच सुरू झाला.

"मास्तर, तुमचां तां विमान उलट्या बाजून घुंवता. चितेभोंवतीं घुंवतत तशें. आमी पुतळो जाळलो, तेरावो दिस केलो. आतां पोरीक परत थंय कित्याक व्हरतत?"

"सगळ्या जगात ती विमानं तशीच फिरतात, धाकू."

"जगाचो नाय, म्हजो भाव खाणींत बुडला."

मी गंगाला आलेखाबद्दल सांगितलं नाही. सिद्धी काय म्हणाली तेवढंच सांगितलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला.

"दोन वर्सां कुंकू लावन वाट पळयली, मास्तर. बाजारांत बायलो तोंडार हांसताल्यो. जिवो आसा म्हणल्यार पिशी, मेलो म्हणल्यार पापी. आतां पुसलां." आत सिद्धी नाही ना, ते तिने एकदा वळून पाहिलं. "आतां तो आयलो तरी म्हाका नाका."

मुलाला उत्तर सांगून पटत नाही, प्रयोग करू द्यावा लागतो, अशी माझी शिकवण्याची रीत. मी म्हटलं, मोठी बॅटरी एकदा घालू. काहीही वर येणार नाही, ते ती स्वतः बघेल, आणि शांत होईल. गंगाने कोयता पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मी येतां."

ऊन नुकतं तापू लागलं होतं. तीन सेलांच्या जागी चार सेलांची बॅटरी बसवली. सिद्धीने मूठ मनगटाला बांधली. गंगा माझ्या बाजूला उभी राहिली. मी विमान सोडलं.

पहिल्या काही फेऱ्यांत विमान झपाट्याने गेलं. पूर्वेला आवाज खाली बसला, पण थांबला नाही. सिद्धी मागे रेलून उभी होती, तारा ताठ झाल्या होत्या.

मग घोगरा आवाज लांबू लागला. खाणीच्या बाजूने तो दक्षिणेपर्यंत आला. पुढच्या फेरीत अर्ध्या वर्तुळापर्यंत.

मग तो पूर्ण वर्तुळभर झाला. मोकळा सूर परत आलाच नाही.

विमान माझ्या अंगावरून गेलं तेव्हा त्याचं शेपूट खाली ओढलेलं होतं. वारा नव्हता.

"सोड!" मी ओरडलो. "सिद्धी, उतरव!"

तिने उतरवलं नाही. मोटरीला लावलेल्या घड्याळाची वेळ संपली, मोटर आपोआप बंद झाली, आणि विमान खाली बसलं. हलकं लाकूड आणि कागद. पण ते बसल्याचा धक्का मला पायांत जाणवला.

मी धावत गेलो. मोटरीला हात लावला तर बोटं भाजली. पंख कोरडे होते. चाकं धरणाऱ्या पोलादी तारा दोन्हीकडे फाकून जमिनीला टेकल्या होत्या.

सिद्धी माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने विमानाकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर केली होती.

"चल," ती म्हणाली, "घरा वचया."

मला वाटलं, आईला म्हणाली.

ती पुढे निघाली. उजवा हात खांद्याच्या वर उचललेला, बोटं मिटलेली, लहान पोरं मोठ्या माणसाचा हात धरतात तशी. ती आता आईच्या उंचीला आली आहे.

गंगा तिच्या मागून चालू लागली. सड्याची वाट ट्रक जाण्याएवढी रुंद. ती मात्र कडेच्या गवतातून चालत होती.

थोडं पुढे गेल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला. मग तो आणखी पुढे ओढला, मोकळं कपाळ पूर्ण झाकेपर्यंत, आणि हनुवटीखाली मुठीत घट्ट धरला. तिच्या पुढे तिच्या मुलीशिवाय कोणी नव्हतं.