उदासीवरची गोळी आणि शाल्मलीचा गुडघा

शाल्मलीच्या गुडघ्याच्या हाडाला कर्करोग झाला होता. मग डॉक्टरांनी तिला उदासीवरची गोळी का दिली?

गोळी तिने पाहताक्षणी ओळखली. मागे आई कितीतरी महिने गप्पगप्प असायची, तेव्हा हीच फिकट निळी गोळी घ्यायची.

"म्हणजे मी उगीच कण्हते, असं वाटतं का तुम्हाला?" असं म्हणून तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

आई कावरीबावरी झाली. तिने मंजिरीआत्याला बोलावलं. शाल्मलीवर उपचार चालू होते, त्याच रुग्णालयात आत्या संशोधक होती. तिने शाल्मलीची चाकाची खुर्ची थेट प्रयोगशाळेत नेली. तिथे ठिपका नावाचा यंत्रमानव काचेच्या बशांमध्ये थेंबथेंब औषध सोडत होता.

"या पेशी (शरीर ज्यांचं बनलंय ते बारीक घटक) तुझ्याच गाठीतल्या आहेत," आत्या म्हणाली.

पडद्यावर दोन बशा दिसल्या. एकीत पेशींची नुसती दाटी, दुसरीत तुरळक.

"दुसरीत तुझ्या गोळीतलं औषध आहे."

"पण पेशी कुठे उदास होतात?"

"नाहीच होत! आणि औषधाला तरी उदासी कुठे कळते? मेंदूतल्या ठरावीक प्रथिनांना (पेशीची कामं करणारे रेणू) ते चिकटतं, म्हणून मन हळूहळू सावरतं. तसलीच प्रथिनं या पेशींतही सापडली. तिथे औषध चिकटलं, की 'वाढा' हा निरोप अडतो, असा आमचा अंदाज आहे."

"मग माझी चालू असलेली केमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधं) बंद?"

"छे गं! केमोच्या जोडीला ही."

"आणि मी बरी होणार?"

आत्याच्या आधी ठिपकाच बोलला, "बशीत गुण आला. माणसात येईल का, ते माहीत नाही."

शाल्मली आणखीच गोंधळली. "आत्या, तुलाही माहीत नाही?"

"अर्धंच माहीत आहे," आत्या म्हणाली.

आजवर सगळे नुसतं "होशील बरी" म्हणायचे. हे उत्तर तसं नव्हतं. का कोण जाणे, तिला धीर आला. तिने गोळी घेतली.

काही आठवड्यांनी तपासणी झाली. गाठ वाढली नव्हती, पण घटलीही नव्हती.

"हे गोळीमुळे की केमोमुळे?"

कुणालाच सांगता येईना. शाल्मलीने प्रयोगशाळेत जाऊन ठिपक्याला विचारलं, "उरलेलं अर्धं कधी कळणार?"

"शोधणारे वाढले, तर लवकर."

तिने खुर्ची टेबलाजवळ ढकलली. "मग ती बशी कशी धरायची, दाखव मला."