समासातलं ‘कशावरून?’

थोर शिक्षक कधीच मरत नाही. सरांच्या स्मृतिग्रंथासाठी आलेल्या चौदा लेखांत हे वाक्य होतं. उरलेल्या पाच लेखांत ते नव्हतं, कारण ते पाच लेख अजून यायचे होते.

ग्रंथाचं संपादन ‘पुरवणी’कडे आलं होतं. वय छप्पन्न, इतिहास विभागात प्राध्यापक. पण सरांचे जुने विद्यार्थी त्याला अजून याच नावानं हाक मारत. नाव सरांनीच ठेवलेलं. परीक्षेत हा सात-सात पुरवण्या जोडायचा आणि सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘उत्तर बहुधा आठवीत असणार.’

सर इतिहास शिकवायचे, तोही वर्तमानकाळात. राजा उठतो, खिडकी उघडतो, त्याला लांबवर धूर दिसतो. उत्तरपत्रिकेत कुणी ‘राजा घाबरला होता’ असं लिहिलं, की पेन्सिल जिभेला लावून सर समासात एकच शब्द लिहीत : ‘कशावरून?’ पुढे पुरवणी त्यांचा सहकारी झाला, लेख लिहू लागला, तरी एकतीस वर्षांत त्याचा एकही कागद या शब्दावाचून परत आला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, सर वाचनालयातल्या खुर्चीत छातीवर पुस्तक उघडं ठेवून गेले. ग्रंथपालानं तासभर त्यांना उठवलं नाही. त्याला वाटलं, एखाद्या लेखकावर चिडून डोळे मिटून बसलेत.

ग्रंथ शनिवारी निघायलाच हवा होता. रविवारी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घर मोडून कायमच्या मुलीकडे निघणार होत्या. पोस्टानं पाठवायचं नाही, हातात द्यायचं, असं त्यांनी बजावलं होतं. या घरातून रिकाम्या हातानं बाहेर पडायचं नव्हतं त्यांना. आणि मुद्रक सांगत होता, की गुरुवारी बाराच्या आत काम मशीनला लागलं तर शनिवार. नाहीतर पुढचे दहा दिवस मशीनवर कॅलेंडरं.

सोमवारी पुरवणीनं विभागातल्या लोखंडी कपाटातून प्रुफं काढली आणि त्याचं डोकं फिरलं. पहिल्याच लेखातल्या ‘सर अत्यंत मिश्किल होते’ या वाक्यात ‘होते’ पेन्सिलीनं खोडून वर बारीक अक्षरात ‘आहेत’ केलं होतं. खालच्या ओळीत ‘सर आपल्यातून निघून गेले’. त्यापुढे समासात : ‘कशावरून?’

काम कुणाचं, याबद्दल त्याला शंका नव्हती. प्रुफं तपासायला एक निवृत्त शिक्षिका येत. सगळे त्यांना अनुस्वारबाई म्हणत. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच. बाईंनी पान पाहिलं आणि दोन बोटांत धरून परत केलं.

‘मी हिरवी शाई वापरते,’ त्या म्हणाल्या. ‘पेन्सिलीनं चूक दाखवणाऱ्याला स्वतःचीच खात्री नसते.’

दुरुस्त्या व्याकरणात चोख बसतात, असंही त्यांनी जाता जाता ऐकवलं. पुरवणी आणखीच भडकला. त्यानं दुसरी किल्ली काढून घेतली आणि अर्धा दिवस खोडरबर चालवलं. या वयात हे काम, असं तो पुटपुटत होता. संध्याकाळी राहिलेले पाच लेख आले. पाचांतही थोर शिक्षक मरत नव्हता.

मंगळवारी त्यानं सगळ्याची नवी प्रत काढून आणली, टेबलावर ठेवली, खोलीला कुलूप घातलं आणि तास घेऊन आला. पंचावन्न मिनिटं. कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतून बंद.

एकोणीसच्या एकोणीस लेख तपासून झाले होते. दीडशेवर ‘होते’ उडाले होते. फक्त विभागप्रमुखांच्या ‘माझे व सरांचे जिव्हाळ्याचे संबंध होते’ या वाक्यात ‘होते’ला हात लावलेला नव्हता. तिथे ‘जिव्हाळ्याचे’ खोडलं होतं.

पुरवणीला हसू फुटलं, आणि आपण हसलो म्हणून राग आला. त्यानं एका ‘आहेत’वर बोट टेकवलं. अक्षर ओलसर लागलं. हवा दमट आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण दमट हवा शब्द निवडून निवडून ओले करत नाही, हे त्याला कळत होतं.

बुधवारी सकाळी प्रुफं काखोटीला मारून तो काकूंकडे गेला. घरभर खोकी होती. पुस्तकांची कपाटं हलवल्यामुळे भिंतींवर फिकट चौकोन पडले होते. काकूंनी चष्मा लावून चार पानं शांतपणे उलटली.

‘अक्षर सुधारलंय,’ त्या म्हणाल्या. ‘शेवटी शेवटी हात फार थरथरायचा त्यांचा.’

पुरवणीनं घसा खाकरून विचारलं, की हे नेमकं कुणी लिहिलं असावं असं त्यांना वाटतं. काकूंनी ढ मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

‘तू पहिल्यापासून हट्टी. अरे, सांगताहेत तर कर की बदल. मला शनिवारी पुस्तक हवंय, तुमचे वाद नकोत.’

मग काय करणार? दुपारभर मुद्रकाच्या संगणकासमोर बसून, दात-ओठ खात, त्यानं भूतकाळाचा वर्तमानकाळ केला. सर तासाला वेळेवर येतात. सर कुणाचं ऐकून घेत नाहीत. वाचणाऱ्याला वाटावं, एवढी शिकलेली माणसं एका धडधाकट गृहस्थाला श्रद्धांजली वाहून बसली आहेत. स्वतःच्या लेखातलं एक वाक्य बदलताना मात्र त्याचा हात अडखळला. ‘सर माझे लेखन कधीच पसंत करत नाहीत.’

गुरुवारी साडेअकराला शेवटची प्रत यंत्रातून निघाली. मुद्रक शेजारी उभा होता. पुरवणीनं पानं गरम असतानाच हातात घेतली आणि उभ्या उभ्या चाळायला लागला.

पहिला लेख स्वच्छ.

दुसरा, तिसरा, दहावा. सगळे स्वच्छ.

त्याचा स्वतःचा लेख. त्यानं समास वरून खाली दोनदा पाहिला. काहीच नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा इथे धूळ फार, असं तो मुद्रकावर खेकसला.

शेवटचं पान संपादकाच्या परिचयाचं. चार ओळी.

‘संपादक याच विभागात इतिहास शिकवतात.’ यातलं ‘शिकवतात’ खोडलं होतं. वर लिहिलं होतं : ‘शिकवत असत.’

‘त्यांना पायी फिरण्याची आवड आहे.’ वर : ‘होती.’

तो समासात ‘कशावरून?’ शोधू लागला.

नव्हतं.

त्यानं अंगठ्यानं घासून पाहिलं. अक्षर गेलं नाही. अंगठा ओला झाला.

मुद्रक वाकून बघत होता. पान त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रातून निघालं होतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. बाराला चार कमी.

‘आहे तसं लावू, का हेही बदलू?’ त्यानं विचारलं. ‘बदलायला मिनिटसुद्धा लागत नाही.’

न बदलावं, तर पुढच्या प्रतीवर हेच उमटणार, मग तिच्या पुढच्या. सर थांबणाऱ्यांतले नव्हते, म्हणजे, नाहीत. शनिवारही थांबणारा नव्हता. आणि सरांची दुरुस्ती आजवर एकदाही चुकीची निघाली नव्हती. त्यांच्यातली सगळ्यांत वैताग आणणारी गोष्ट हीच.

‘बदला,’ पुरवणी म्हणाला. ‘आणि लावा मशीनला.’

मुद्रकानं पान घ्यायला हात पुढे केला, तेव्हा अगदी तळाशी आणखी एक ओळ दिसली. शिसं बोथट झालं असावं. अक्षरं जाड होती, रेटून काढलेली.

‘येताना शार्पनर आण. इथे कुणाकडेच नाही.’