टाइम ऑफिसचा काळा पडदा

सकाळीच जळगावला फोन खणखणला. धुळ्याच्या सूतगिरणीत संगणकावर चढवलेली नावं पुन्हा नाहीशी झाली होती. संगणक बसवणाऱ्या कंपनीचा अभिमन एसटीने दुपारी तिथे पोचला.

गिरणीच्या दारात भरतीची पोरं उन्हात उभी होती. नाव चढत नाही तोवर आत प्रवेश नाही. आत ऑपरेटर कनीज डोळे पुसत बसली होती. घर तिच्या पगारावर चालायचं आणि मॅनेजर मोतीलाल तिला आजच काढायला निघाले होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला ते सगळ्यांदेखत बोलले होते.

"नेमकं काय होतं?" अभिमनने विचारलं.

"दर सोमवारी नवी नावं चढवते, सोडून गेलेल्यांची आणि मयतांची काढते. सगळं एका दमात. मशीन थांबून राहतं, मग केलेलं सगळंच मागे घेतं."

"चूक दाखवतं?"

"नाही. नुसतं थांबतं."

"कधीपासून?"

"होळीनंतर."

थांबतं म्हणजे ते कुणाची तरी वाट बघतं. अभिमन एकेक टर्मिनल बघत टाइम ऑफिसात आला. तिथे हजेरी बघणारे जीवरामआबा बसले होते. डोक्यावर मुंडणानंतर उगवलेले बोटभर पांढरे केस. समोरचा पडदा काळा, पण खालचा हिरवा दिवा लागलेला.

"आबा, हे चालू आहे?"

"बंद शे."

"बाहेर पोरं खोळंबलीत."

"आखाजी होऊ द्या. मंग बठ्ठं होई."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच का, असा विचार करत अभिमन निघाला. परत येऊन त्याने कनीजला एकच विचारलं, "दुरुस्तीसाठी उघडलेल्या नावाला दुसऱ्याला हात लावता येत नाही, हे आबांना कोणी सांगितलं?"

"मीच. काम झालं की बंद करत जा, म्हणून."

मग तो कनीज आणि मोतीलाल दोघांना घेऊन टाइम ऑफिसात गेला.

"मशीन बिघडलेलं नाही, कनीजही चुकलेली नाही," तो मोतीलालना म्हणाला. "काढायच्या नावांतलं एक नाव इथे दुरुस्तीला उघडून ठेवलंय. ते सुटत नाही, आणि एक अडलं की मशीन सगळंच मागे घेतं. आबा बंद म्हणाले, पण दिवा लागलेला होता. त्यांनी फक्त पडद्याचा उजेड कमी केला होता."

त्याने बटण फिरवलं. अक्षरं उजळली. लोटन जीवराम, कताई खातं. होळीला पारोळ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेलेला आबांचा एकुलता एक मुलगा.

आबांनी मान खाली घातली. "आखाजीले मयतनी घागर भरतस, तशी त्यानी भरसू. तठलग मना पोऱ्यानं नाव राहू द्या, इतलंच व्हतं. या पोरीवर येई, हाई माले मागून समजनं. तरी मी बोलनू नही."

अभिमनला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. मोतीलाल खिडकीबाहेर बघत राहिले.

कनीज हळूच मोतीलालना म्हणाली, "साहेब, माझी नोकरी राहिली ना? मग हे एक नाव आखाजीपर्यंत वगळा. बाकीचं होऊन जाईल."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको, पोरी. मेल्याकरता जित्ता पोरे उन्हात उभा करात मी. बस झालं."

त्यांनी लोटनचं पान बंद केलं. कनीज आपल्या जागेवर गेली. या वेळी मशीन थांबलं नाही.

दारातली पोरं एकेक करून आत येऊ लागली. आबा उठले आणि हजेरी घ्यायला उभे राहिले.