चौदा जणांचा ताप

"हिला आज ताप आहे. ही शाळेत येणार नाही," शर्टाची बटणं लावता लावता भाऊ म्हणाला, आणि समोर बसून दूध पिणाऱ्या स्वतःच्या लेकीकडे त्यानं साधी नजरही वळवली नाही.

ताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि भाचीच्या कपाळावर तळवा टेकवला. कपाळ गारेगार होतं! आणि त्या गार कपाळाखालचे दोन डोळे मात्र काठोकाठ भरले होते...

"ताप कुणाला आहे रे? हिला की तुला?"

भाऊ त्याच शाळेचा हेडमास्तर. आज सगळ्या शाळांतल्या सातवीची एकच परीक्षा, एकच प्रश्नपत्रिका. प्रत्येक शाळेची सरासरी निघायची, यादी लागायची, आणि शाळा पहिली आली तर भावाला वरच्या कार्यालयात बढती ठरलेलीच होती. गैरहजर मुलं मात्र सरासरीत धरत नसत. म्हणून कच्च्या चौदा मुलांच्या घरी गुपचूप निरोप गेला होता : आज आजारी पडा. चौदावी त्याची स्वतःचीच मुलगी होती. वाचायला बसली की अक्षरं तिच्यापुढे मुंग्यांसारखी पळायची.

"अगं, माझीसुद्धा मुलगी घरी ठेवतोय ना मी? दुजाभाव नाही केला!" तो छाती पुढे काढून म्हणाला.

"वा रे तुझा न्याय! चौदा पोरांना 'तुम्ही हिशेबातच नाही' असं सांगायचं, आणि त्यात आपलीही एक घातली म्हणून मिरवायचं?"

"ताई, तुला यातलं काय कळतं? कॉलर शिवतेस तू!"

स्वयंपाकघरात भावजयीच्या हातून भांडं निसटलं.

हो, ताई कॉलर शिवत होत्या. सव्वीस वर्षं, कपड्यांच्या कारखान्यात, तिसऱ्या रांगेतल्या मशीनवर. वडील गेले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या, वर्गात पहिल्या येत होत्या, आणि शिक्षिका व्हायचं स्वप्न उराशी धरून होत्या. धाकट्याचं शिक्षण थांबू नये म्हणून त्यांनी ते स्वप्न घडी घालून ठेवून दिलं ते कायमचंच! त्या त्यागाचा उच्चार त्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता. आजही केला नाही. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि भाचीचा हात धरला.

"चल गं चिमणे. दप्तर घे."

"ताई, ही उंबऱ्याबाहेर गेली तर तुझा-माझा संबंध संपला!"

"संपू दे! रक्ताचा आहे, संपतो का तेही बघू."

परीक्षा अकरा वाजता होती. कारखान्यात आयुष्यात पहिल्यांदा न सांगता दांडी मारून ताई भाचीला घेऊन, ती घरं दाखवील तशा, त्या तेरा मुलांच्या दारोदार फिरल्या. कुठे दार तोंडावर आपटलं, कुठे आईनं डोळे पुसत मुलाच्या केसांवर कंगवा फिरवला. एक बाप म्हणाला, "हेडमास्तरच नको म्हणतात, बाई, आपण कोण?" ताई ताडकन म्हणाल्या, "आपण त्यांचे आईबाप! आपणच नको म्हटलं तर ही पोरं जायची कुठे?"

अकराला दहा मिनिटं कमी असताना त्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा मागे अकरा मुलं होती. भाऊ पायरीवर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या शिक्षकांदेखत तो काय बोलणार! मुलं एकेक करून त्याच्या समोरून वर्गात गेली. शेवटी त्याची लेक गेली, बापाकडे न बघता, मान ताठ ठेवून.

महिन्याभरानं यादी लागली. गेल्या वर्षी तिसरी असलेली शाळा सतराव्या नंबरावर घसरली. बढती दुसऱ्याच्या पदरात पडली.

"झालं समाधान?" भाऊ गरजला. "माझं वाटोळं करून झालं ना?"

"तुझं नाही रे, तुझ्या सोंगाचं झालं," ताई शांतपणे म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी कारखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली. भावजय दारापर्यंत रडत आली, पण ताईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळल्या असत्या, तर पाय उचललाच नसता!

दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी खोलीच्या दारात भाऊ उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"ताई... चिमणी काल काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, 'बाबा, मी पेपर लिहिला म्हणून आत्या गेली का? मग आता मी कधीच नाही लिहिणार. तुम्ही तिला आणा.'" "तिला शंभरात चौतीस मिळाले गं. मी आज पहिल्यांदा तिचा पेपर उघडून बघितला. एकही प्रश्न सोडला नव्हता तिनं! खोडलंय, पुन्हा लिहिलंय, पण सोडलं नाही... आणि मी बाप असून तिलाच सोडायला निघालो होतो! मला कुणी शिकवलं, कुणाच्या पाठीवर पाय ठेवून मी वर चढलो, तेही विसरलो. मला क्षमा कर, ताई!"

तो त्यांच्या पायांशी वाकला. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि ठामपणे मान हलवली.

"माझी कसली क्षमा मागतोस? मी मोठी आहे, मी सोसलं. त्या तेरा घरी जा. त्या पोरांची माग."

"मी? हेडमास्तर असून सातवीच्या पोरांची?"

"हेडमास्तर आहेस म्हणूनच!"

तो हळूच म्हणाला, "मला त्यांची घरंसुद्धा माहीत नाहीत गं..."

"मला आहेत," पदरानं तोंड पुसत ताई म्हणाल्या.

पहिल्या दाराशी त्या मुद्दाम चार पावलं मागे थांबल्या. भावानं कडी वाजवली. दार उघडलं ते एका पोरीनं. हेडमास्तरांना बघून ती घाबरून आईला हाक मारणार, एवढ्यात त्यानं दोन्ही हात जोडले.

"बाळ, घाबरू नकोस," तो म्हणाला. "माझं चुकलं. उद्यापासून शाळा सुटल्यावर तासभर थांबशील का? मी स्वतः शिकवीन तुला."