उलटं छापलेलं चर्च

भाद्रपदातली सर अचानक कोसळली, म्हणून देवव्रत समोर दिसलेल्या फ्रेमच्या दुकानात शिरला. नाशिक रोडला तसं त्याचं काही काम नव्हतं. स्वतः चिंब भिजला होता, पण शर्टाच्या आत धरलेली गुंडाळी मात्र कोरडी होती.

"आलोच आहे, तर याला फ्रेम करून द्या," तो म्हणाला.

दुकान चालवणाऱ्या योगिनीने गुंडाळी उलगडली. जुन्या जाड कागदावर एका चर्चचा आतला भाग होता. उंच खांब, कमानी, रिकामी बाकं, खिडकीतून तिरपं उतरलेलं ऊन... सगळं केसाएवढ्या रेघांनी छापलेलं. तिने कागद सरळ ट्यूबलाइटसमोर धरला.

"खोटं आहे का?" देवव्रतने विचारलं.

"नाही हो, सवय. बाबा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. आमच्या घरी लग्नपत्रिकासुद्धा आधी उजेडात धरतात."

तो हसला. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांचा हा मुलगा नाशकात आर्किटेक्टकडे नोकरीला होता. अशा चित्रांचा गठ्ठाच त्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला होता.

"घरी काय म्हणतात, चर्च आणलं म्हणून?"

"आई म्हणते, कुठलाही देव आण, पण ओल आलेल्या भिंतीला लावू नकोस." मग तो जरा वाकला. "एक कोडं आहे. या चर्चचे फोटो पाहिले मी. प्रवचनाचा ओटा फोटोत उजवीकडे आहे, आणि इथे डावीकडे."

योगिनीने चित्र भिंतीवरच्या आरशासमोर धरलं. "आता बघा. तांब्याच्या पत्र्यावर समोर दिसतं तसंच कोरलं, की छापताना उलटं येतं."

ओटा उजवीकडे गेला होता. देवव्रत मात्र आरशात भलतीकडेच बघत होता.

"चर्च बघताय ना?"

"बघतोय की..."

त्यानंतर तो दर शनिवारी एकेक चित्र आणू लागला. सगळी एकदम का आणत नाही, असं तिने विचारलं, तर म्हणे बाइकवर चुरगळतात. योगिनीने ते मानून घेतलं. घरी पुण्याच्या एका स्थळाची बोलणी चालू होती. तिने नाही म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कशाच्या जोरावर? एका गिऱ्हाइकाच्या?

मग एका बुधवारीच तो आला. हातात पहिलंच चित्र, फ्रेमची पाठ उघडी.

"पडली," तो म्हणाला.

योगिनीने फ्रेम फिरवून पाहिली. काचेला चरा नाही, कोपरे शाबूत. मागचे बारीक खिळे त्याने पुडीत बांधून आणले होते, एकही वाकलेला नव्हता.

"पडली की काच फुटते हो. हे पक्कडीने काढलेत."

तो खाली बघत म्हणाला, "चित्रं संपली. यायला काहीतरी हवं ना..."

योगिनीने पुडी बाजूला ठेवली. "रविवारी पुण्याचा मुलगा मला बघायला येतोय."

"तुम्हाला... पसंत आहे तो?"

"बघितलाय कुठे अजून? तुमच्या आई-बाबांना त्याच्या आधी घेऊन या. शनिवारी."

"शनिवारी बाबांकडे पूजेचे यजमान असतात—" म्हणता म्हणता त्याचा चेहरा उजळला. "शुक्रवारी आणतो. आईला तुमच्याबद्दल सांगून झालंय. बाबांना आज सांगतो."

"संध्याकाळी या. दुपारी आमचे बाबा झोपतात."

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "आणि फ्रेम?"

"राहू दे इथेच," योगिनी म्हणाली. "तू आधी बाबांशी बोल."