एवढंसं तर दुखणं

हसू नका, पोरांनो. हा बस्सू माझ्या मामेभावाचा शेजारी. अजून जिवंत आहे, जाऊन विचारा.

शाबान महिन्यातला शेवटचा गुरुवार, आभाळात चंद्र नाही. बस्सू संध्याकाळी अझिलालच्या बाजारातून बायकोच्या गोळ्या घेऊन आला. तूदाच्या थायरॉइडची गाठ नुकतीच कापून काढली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, दुखायची वाट बघू नका, गोळी वेळेवर द्या, उशी उंच ठेवा, गळ्याला बर्फ लावा. बस्सूनं मान डोलावली आणि सगळं विसरला. त्याची अक्कल मिशीतच संपते.

घरात बघायला येणाऱ्यांची ही गर्दी! ज्याच्या त्याच्या हातात भेटीचा साखरेचा सुळका, ज्याला त्याला पुदिन्याचा चहा. आणि आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची सोय नाही. कुणाचा गुडघा धरला, बस्सूनं गोळी दिली. कुणाची दाढ ठणकली, दिली. दिलदारपणा करायचा, तोही आजारी बायकोच्या जिवावर! रात्री पाकीट रिकामं.

तूदाला थुंकीसुद्धा गिळवेना. "अहो... गोळी..."

"संपल्या. आणि एवढंसं तर दुखणं! आमच्या बायका डोंगरावरून लाकडं वाहतात, अशा विव्हळत नाहीत."

लाकडं यानं जन्मात वाहिली नाहीत. खुशाल घोरायला लागला. ती मानेला हाताचा आधार देऊन बसून राहिली. जीव नकोसा झाला होता तिला.

दार वाजलं. बस्सूनं कुरकुरत उठून उघडलं.

बाहेर एक म्हातारी. डोक्यावरून शाल.

"या वेळी? तेही हात हलवत?" बस्सू खेकसला.

"द्यायला नाही आले, बाबा. न्यायला आले."

कुत्री गप्प होती... सगळी.

ती सरळ आत गेली. तूदाच्या गळ्यावर तळवा ठेवला. तूदाचा चेहरा सैल पडला. डोळा लागला.

म्हातारीनं मूठ मिटली. दारात थांबली.

"हे आता ठेवू कुठं?"

बस्सू फिदीफिदी हसला. "ठेव माझ्याकडे. एवढंसं तर आहे!"

ती बघत राहिली...

बराच वेळ...

मग मूठ उघडली.

सकाळी तूदानं आपल्या हातानं चहा करून घेतला. बस्सू अंथरुणात, तोंडातून शब्द नाही. तसली म्हातारी आसपासच्या कुठल्याच गावात सापडली नाही. डॉक्टरनं त्याला तपासलं. गाठ नाही, सूज नाही.

गळ्यावर फक्त एक आडवी तांबडी रेघ.

टाक्यांसकट.