पहिला बल्ब

त्या वर्षापासून शाळांमध्ये प्रयोग करावे लागत नसत. ते नुसते आठवले की पुरे होई. मुलांच्या कपाळाला अनुभवपट्टी लावायची. एकाने प्रयोग केला, की त्याच्या मेंदूत उमटलेले ठसे ही पट्टी टिपून घेई आणि दुसऱ्याच्या मेंदूत जसेच्या तसे उमटवी. हाताचे वळण, बोटाला बसलेला चटका, झालेला आनंद, सगळे.

तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षकांना पट्टी लावायला शिकवत होते. कुमुदबाई डोईफोडे तिथे आल्या त्या भांडायलाच. त्यांच्या शाळेतली प्रयोगाची खोली मोडायचा हुकूम निघाला होता, आणि बाईंचा उभा जन्म त्या खोलीत गेला होता.

"रागावू नका, बाई," डॉ. निषाद पोतनीस म्हणाला. पट्टीचा शोध त्याचाच, आणि एके काळी तो बाईंच्याच वर्गात होता. "गावोगाव तुमच्यासारख्या बाई कुठून आणायच्या? म्हणून तर तुमच्या लहानपणची, पहिला बल्ब पेटवल्याची आठवण टिपून घेतली."

"मला वाटलं, नव्या शिक्षकांना दाखवशील. पोरांच्या डोक्यात कोंबशील, असं कुठे बोलला होतास?"

"एकदा बघा तरी."

नुकतीच पट्टी उतरवलेली सहावीची मुले समोर बसली होती. बाईंनी पिशवीतून वायरी, बल्ब आणि सेल काढून वाटले. सेल सगळे मेलेले. ही त्यांची जुनी खोड. बल्ब पेटला नाही की मुले चिडत, तारा उपसत, एकमेकांवर ढकलत आणि शेवटी दोष शोधून काढत. बाईंचे विज्ञान तिथून सुरू होई.

मुलांनी वायरी जोडल्या. सगळ्यांनी डाव्या हाताने, कारण बाई डावऱ्या होत्या. बल्ब काळेच राहिले. तरीही सगळे चेहरे एकदम उजळले, ओठ एकदम हलले.

"अण्णा, पेटला."

मागे बसलेल्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणजे बाईंचे वडील.

"पाहिलंत? आठवण किती पक्की बसते," निषाद खुशीत म्हणाला.

"मेल्या, बल्ब पेटलाच नाही, आणि एकानंही मान वाकवून पाहिलं नाही. माझ्या गेलेल्या बापाला हाका मारतायत ती."

पिशवीतून चांगला सेल काढून बाईंनी पुढच्या बाकावरच्या आर्वीचा सेल बदलला. बल्ब लख्ख पेटला.

"आता बघ, बाळा. हा तू पेटवलास. पहिल्यांदा."

आर्वीने बल्बकडे पाहिले. मग बाईंची समजूत घालावी तशी ती म्हणाली, "पहिल्यांदा कुठे, बाई? पहिल्यांदा अण्णा होते ना."